तीन किलोवॅटचा ऑन-ग्रिड सोलर संच: पॅनेल उत्तम, बसवणी तपासून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांसाठी 545 वॅटची सहा मोनो पर्क पॅनेल आणि तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर हा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, संच पुरेसा आहे. पॅनेलबद्दल तक्रारीला जागा नाही. मार्च-एप्रिलच्या निरभ्र दिवशी 13-14 युनिट निघतात. जुलैच्या झडीत खानापूरकडे त्याचे निम्मेही हाती लागत नाहीत. अथणीकडे पाऊस कमी, म्हणून घटही कमी. हिशेब वर्षाचा मांडावा.

संच फसतो तो बसवणीत. भर दुपारी ऊन कडक आणि इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' (लाइनचा दाब जास्त) दाखवून बंद, हा मळ्यातल्या घरांचा नेहमीचा दोष. इन्व्हर्टर बदलून काही होत नाही, कारण चूक बहुधा खांबावरून येणाऱ्या वायरीत असते. तीन किलोवॅट म्हणजे खांबाकडे ढकलायचे सुमारे 13 अँपिअर. वायर अडीच स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम आणि अंतर 40 मीटर असेल, तर जाऊन-येऊन 80 मीटरांत जवळपास 12 व्होल्ट चढतात. खांबावर 242 असले की इन्व्हर्टरला 254 दिसतात आणि 253 ची मर्यादा ओलांडली जाते. तीच वायर 10 स्क्वेअर एमएमची घातली की चढ तीन व्होल्टवर येते. ती वायर हेस्कॉम या वीज कंपनीला कळवूनच बदलावी. काही मिस्त्री वायर तशीच ठेवून इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून देतात. तसे करू देऊ नका. तो वाढीव दाब घरातला फ्रीज आणि पंपही सोसतो.

दुसरी जागा एमसी-फोर कनेक्टरची, म्हणजे पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या प्लगची. त्यात वायरीच्या टोकावर दाबून बसवायचा जोड, म्हणजे क्रिंप, साध्या पकडीने दाबला तर सैल राहतो, तापतो आणि काळे प्लॅस्टिक कडेने तपकिरी पडून वितळते. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोडले तरी तेच. क्रिंपिंग टूल आणले आहे का, हे काम सुरू होण्याआधी बघा. चालू संचाचा कनेक्टर कधीही ओढू नये, 250 व्होल्ट डीसीची ठिणगी विझत नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच.

अर्थिंग तीन हवीत: पॅनेलची, एसीची आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाची वेगळी. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, त्यामुळे पावसाळ्यात घेतलेले माप फसवे. मे महिन्यात मोजून 5 ओहमच्या आत असेल तरच खरे.

पॅनेलखालचे स्ट्रक्चर तयार भोकांचे, 80 मायक्रॉन गॅल्व्हनाइझ केलेले घ्या. गच्चीवर वेल्डिंग केले की जस्त जळते आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच गंजाचे ओघळ उतरतात. ऊसपट्ट्यात पाचटाची काजळी पॅनेलवर बसते. सकाळी, काच गार असताना मऊ फडक्याने पुसावी. बोअरचे क्षारी पाणी मात्र पांढरे डाग सोडते.

लाइट गेली की हा संचही बंद होतो, लाइनवरच्या वायरमनच्या जिवासाठी. वळवाच्या वाऱ्यात तासन्‌तास अंधारात बसायचे नसेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागेल. खर्च बराच वाढतो.

कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेत बिल शून्य येत असेल तर घाई करू नका. महिन्याला 300 युनिट जाळणाऱ्या घराला हा संच निश्चित परवडतो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे 78,000 रुपये अनुदान मिळायला पॅनेल डीसीआर, म्हणजे देशी सेलची, लागतात. आर.आर. नंबर, म्हणजे वीज जोडणीचा क्रमांक, अजून आजोबांच्या नावावर असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी ते नाव बदलून घ्या.