ओन्ली कुठे ठेवायचं : क्रियापदाआधी की नेमक्या शब्दाजवळ?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या पेढीवरून परराज्यातल्या व्यापाऱ्याला इंग्रजीत मेल जातो. त्यात एक वाक्य असतं : ‘वुई ओन्ली बाय राजापुरी टर्मरिक इन सांगली.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की सांगलीत आम्ही राजापुरीच घेतो, दुसरी हळद दाखवू नका. वाचणारा समजतो की हे लोक राजापुरी घेतात ती सांगलीतूनच, बाहेरचा माल त्यांना चालत नाही. आणि फारच चिकित्सक माणूस असेल तर म्हणेल, हे नुसते खरेदी करतात, विकत नाहीत. वाक्य एक, अर्थ तीन, आणि व्याकरणात चूक कुठेच नाही.

ओन्ली, जस्ट, इव्हन, मिअरली, ऑलमोस्ट, हार्डली ही इंग्रजीतली मर्यादा घालणारी क्रियाविशेषणं. ती ठेवायला मुख्यतः दोन जागा आहेत. पहिली क्रियापदाच्या आधी. दुसरी, ज्या शब्दावर मर्यादा घालायची त्याला अगदी लागून. वरचं वाक्य दुसऱ्या पद्धतीने लिहिलं की गोंधळ मिटतो. ‘वुई बाय ओन्ली राजापुरी टर्मरिक इन सांगली’ म्हणजे राजापुरीच. ‘वुई बाय राजापुरी टर्मरिक ओन्ली इन सांगली’ म्हणजे सांगलीतूनच.

मग पहिली पद्धत सोडूनच द्यावी का? काही शिक्षक तसं सांगतात, पण मला ते पटत नाही. क्रियापदाआधीची जागा हे ओन्लीचं इंग्रजीतलं नेहमीचं घर आहे. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी, ‘इज’, ‘आर’ असेल तर त्याच्यानंतर, आणि ‘हॅज’, ‘विल’ यांसारखं सहायक असेल तर पहिल्या सहायकानंतर. इंग्रज माणूस बोलताना ओन्ली बहुतेक वेळा तिथेच टाकतो आणि मग ज्या शब्दावर भर द्यायचा तो ठासून उच्चारतो. पावसाळ्यात परदेशातल्या नातेवाइकाने फोनवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारली आणि तुम्ही ‘द वॉटर हॅज ओन्ली रीच्ड थर्टी-एट फीट’ म्हणालात, तर इशारा पातळी 40 फुटांची आहे हे माहीत असणारा माणूस बरोबर समजतो आणि निवांत फोन ठेवतो. ओन्ली आकड्याजवळ नव्हतं म्हणून कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलर यांनी 1926 मध्येच या कर्मठपणाची टर उडवली होती. ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ या वाक्यावर कुणीतरी आक्षेप घेतला होता, की मरण्याहून जास्त तो बिचारा आणखी काय करणार होता? फाउलर वाक्याच्या बाजूने उभे राहिले. अर्थाचा घोटाळा होत नसेल तर नेहमीची जागा चालू द्या, असं त्यांचं म्हणणं.

अडचण कागदावर येते. शब्दावरचा जोर मेलमधून जात नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्रियापदाआधीचं ओन्ली पुढच्या शब्दांपैकी कशावरही रोख धरू शकतं, मागे कर्त्यावर मात्र जात नाही. ‘आम्हीच तोलाई भरतो’ असं सांगायचं असेल तर ‘वुई ओन्ली पे द वेइंग चार्जेस’ चालणार नाही. त्याचा अर्थ आम्ही एवढी तोलाईच भरतो, हमाली तुमची. तिथे ‘ओन्ली वुई पे’ असंच लिहावं लागतं. आपल्याकडे ‘वुई ओन्ली पे’ सर्रास लिहिलं जातं, कारण ‘आम्हीच’मधला च डोक्यात असतो आणि तो मागच्या शब्दाला चिकटतो.

या च चं दुसरं दुखणं ‘आय अॅम इन सांगली ओन्ली’ मध्ये दिसतं. च दोन कामं करतो : कधी बाकीचं वगळतो, कधी नुसता जोर देतो. ओन्ली फक्त वगळतं. सांगलीत सगळ्यांना कळतं आणि गप्पांत मी कुणाला टोकणार नाही, पण बाहेरच्या ग्राहकाला लिहिताना ‘राइट हिअर इन सांगली’ बरं. शेवटचं ओन्ली पाट्यांवर शोभतं, ‘स्टाफ ओन्ली’, ‘कॅश ओन्ली’, आणि चेकवर ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’ लिहितो ते तर हवंच, पुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून.

आता ऑलमोस्ट. इथे दोन्ही जागा सारख्या समजणं महागात पडतं. ‘ही ऑलमोस्ट लॉस्ट टेन थाउजंड रुपीज’ म्हणजे दहा हजार जाता जाता वाचले, पैसे खिशात आहेत. ‘ही लॉस्ट ऑलमोस्ट टेन थाउजंड रुपीज’ म्हणजे साडेनऊ-पावणेदहा हजार गेलेच. ओन्लीला बोलण्यातला जोर सावरून घेतो, तसं इथे होत नाही, कारण क्रियापदाआधीचं ऑलमोस्ट ती क्रिया घडलीच नाही असं सांगून मोकळं होतं. विम्याच्या दाव्यात किंवा माल कमी भरल्याच्या तक्रारीत हा फरक सरळ रुपयांत मोजला जातो. निअरलीचंही तसंच. या दोघांच्या बाबतीत मी फोनवरसुद्धा आकडा असेल तर आकड्याजवळच ठेवतो.

जस्टचा घोळ वेगळा. ‘आय जस्ट पेड फाइव्ह हंड्रेड’ म्हणजे आत्ताच पाचशे दिले, की पाचशेच दिले? ‘आय पेड जस्ट फाइव्ह हंड्रेड’ लिहिलं की दुसरा अर्थ पक्का होतो, आणि ‘आय हॅव जस्ट पेड’ लिहिलं की पहिला. ‘नॉट’ बरोबर तर क्रम उलटला की अर्थच उलटतो : ‘इट इज नॉट जस्ट ड्राय’ म्हणजे माल नुसता वाळलेला नाही, आणखीही गुण आहेत, ‘इट इज जस्ट नॉट ड्राय’ म्हणजे वाळलेलाच नाही. बेदाण्याच्या सौद्यात यातलं कुठलं ऐकायचंय हे सांगायला नको. इव्हन ओन्लीसारखंच वागतं. मिअरली कागदी शब्द आहे, बोलण्यात नसला तरी चालतो.

हार्डली, बेअरली यांना क्रियापदाआधीचीच जागा बरी, फक्त दोन गोष्टी सांभाळा. त्यांच्यात नकार आधीच असतो, म्हणून ‘कान्ट हार्डली’ प्रमाण इंग्रजीत चुकीचं. आणि हार्डली म्हणजे कष्टाने नव्हे, जेमतेम. मुलाच्या शिफारसपत्रात ‘ही हार्डली वर्क्स’ लिहिलंत तर नोकरी गेलीच.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा हिशेब निराळा. बारावीच्या किंवा एमपीएससीच्या इंग्रजीत गाळलेल्या जागा, वाक्य बदला, चूक ओळखा असे प्रश्न सुटतात ते जागेच्या नियमावर, म्हणून तिथे शब्दाला लागून ठेवलेला पर्याय निवडणं सुरक्षित. उलटापालट होणारी वाक्यं मात्र पाठ करण्यापेक्षा समजून घ्या. ‘ओन्ली आफ्टर वेइंग विल वुई पे’ यात ओन्ली वेळ दाखवणाऱ्या भागाबरोबर वाक्याच्या सुरुवातीला आलं, म्हणून ‘विल’ कर्त्याच्या आधी आलं. ‘ओन्ली वुई विल पे’ यात ते कर्त्याबरोबर आहे, म्हणून काहीच हललं नाही. ‘हार्डली हॅड द ट्रक अराइव्ह्ड व्हेन इट रेन्ड’ मधला ‘हॅड’ही पहिल्याच कारणाने कर्त्याच्या आधी आला.

पेढीवर बसून लिहिणाऱ्याला माझं सांगणं थोडं आहे. दर, वजन, मुदत किंवा अट असलेल्या वाक्यात शब्द आकड्याला किंवा अटीला चिकटवा : ‘पेमेंट विल बी मेड ओन्ली आफ्टर वेइंग’. बाकी मजकुरात, चौकशीत, आभारात तो क्रियापदाआधी राहू द्या. तिथे ओढून-ताणून हलवलेलं ओन्ली उलट परकं वाटतं. शंका आलीच तर वाक्य मराठीत म्हणून बघा आणि च कुठल्या शब्दाला लागतोय ते पाहा. ओन्ली त्याच शब्दाच्या आधी ठेवा. च नुसत्या जोरासाठी आला असेल, तर ओन्ली लिहूच नका.