पुण्यात कोथरूड ते डेक्कन रोजचं जाणं-येणं : सायकल घ्यावी की चालावं?

वेळेत सायकल पुढे, वादच नाही. कर्वे पुतळ्यापासून डेक्कन साडेतीन-चार किलोमीटर असेल, जाताना उतार असल्याने पेडल फारसं मारावंच लागत नाही, चालत मात्र पाऊण तास धरा. येताना तोच उतार चढ होतो आणि संध्याकाळी नळस्टॉपला बसच्या मागे धूर खात उभं राहावं लागतं ते वेगळं. तब्येतीला दोन्ही चांगलं, त्यावर काय लिहिणार.

महापालिकेने 2016 ला पादचारी धोरण केलं, 2017 ला सायकल आराखडा, म्हणजे कागदावर फिट्टंफाट. पण जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ खरंच झाला, तसा सलग सायकल ट्रॅक मला तरी मिळाला नाही, मध्येच रिक्षा नाहीतर भेळेची गाडी. शेअरिंगच्या सायकली 2017 च्या शेवटी आल्या तशा गेल्याही. अर्थात बाकीच्या फुटपाथचं कौतुक नको, सिग्नल लागला की टू-व्हीलरवाले वर चढतात आणि वर आपल्यालाच हॉर्न मारतात.

पण माझ्यापुरतं ठरलं ते पार्किंगवरून. सायकल कडेला नीट लावून कुलूप घालून जायचं, परत येऊन बघावं तर दोन्ही बाजूंनी स्कूटर खेटलेल्या, आपलं हँडल एकीच्या आरशात, पेडल दुसरीच्या स्टँडमध्ये, ब्रेकची वायर तिसरीकडे ओढली गेलेली, जरा जोर लावला की कडेची स्कूटर कलंडणार आणि नेमका तेव्हाच तिचा मालक हजर! पे अँड पार्कवाला तर लांबूनच हात हलवतो, सायकल इथे नको म्हणून. हे रोज संध्याकाळी, पोटात कावळे ओरडत असताना.

चालत गेलं की मागे काही राहत नाही, हे मला फार सोयीचं वाटतं. पाऊस आला, कंटाळा आला, मित्र भेटला, सरळ गरवारेला मेट्रोत बसा आणि आयडियल कॉलनीला उतरा. सायकल नेली की परत आणावीच लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून पंचाईत.

अंतर सहा-सात किलोमीटरच्या पुढे असेल तर माझं ऐकू नका, सायकलच बघा. फक्त घेण्याआधी ऑफिसच्या वॉचमनला विचारा, आत लावू देतो का ते.