एटिमऑनलाइन: चर्च, चॅपल, कॅथेड्रलचा घोळ सोडवायला

सोलापुरात ‘पोरीला कॉन्व्हेंटला घातलंय’ म्हटलं की इंग्रजी माध्यम एवढंच समजायचं. हा शब्द लॅटिन ‘कॉन्व्हेन्टस’वरून आला. अर्थ, एकत्र जमलेली माणसं. पुढे नन्सचा मठ. असले शब्द शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि स्पर्धा परीक्षेवाल्यांना एटिमऑनलाइन ही इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारी फुकट वेबसाइट बिनधास्त सुचवावी. फक्त ती वाचायची कशी, ते कळायला हवं.

शब्द टाकला की सुरुवातीलाच काळ दिसतो. तो इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या लेखी वापराचा. शब्द तेव्हाच जन्मला असं नव्हे. कॅथेड्रलपुढे १५८० चं दशक आहे, पण ‘कॅथेड्रल चर्च’ हा जोडशब्द १३०० च्या सुमाराचा. ग्रीक ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. मठाधिपतीची असते तशी बिशपची गादी जिथे, ते कॅथेड्रल. इमारत केवढी याला महत्त्व नाही. ‘चेअर’ही त्याच कुळातली. चॅपल, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाचं मूळ ‘कापेला’, छोटा झगा: सेंट मार्टिनचा झगा जपून ठेवलेली जागा, आणि तो सांभाळणारा पाद्री म्हणजे चॅप्लिन.

चर्चपाशी हमखास गफलत होते. चर्च आलं ग्रीक ‘कुरिआकोन’वरून, म्हणजे प्रभूचं (घर). चर्चसाठीचा आपला ‘इगर्जी’ हा शब्द आला पोर्तुगीजमधून, आणि त्याचं मूळ ‘एक्लेसिया’, म्हणजे सभा. अर्थ एक, घराणी दोन.

एकाच स्पेलिंगच्या दोन नोंदी असतील तर त्यांना १, २ असे आकडे असतात. कॅननची पहिली नोंद नियमाची, दुसरी धर्माधिकाऱ्याची. पहिलीच वाचून थांबलात तर फसाल. तोफेच्या स्पेलिंगमध्ये मध्ये दोन ‘एन’, तिची नोंद वेगळी. शब्दाआधी तारांकन असेल तर ते रूप अभ्यासकांनी तर्काने बांधलेलं, कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही.

‘मॉस्क’ मॉस्किटोवरून आला हा फॉरवर्डही इथे दोन मिनिटांत निकालात निघतो. मूळ अरबी ‘मस्जिद’. इटालियन आणि फ्रेंचमधून फिरत तो इंग्रजीत गेला. मॉस्किटो स्पॅनिश, छोटी माशी.

उणीव म्हणाल तर मूळ मजकूर इंग्रजीत आहे, आणि आजचा वापर शिकायला ही जागा नव्हे. त्यासाठी नेहमीचा शब्दकोश शेजारी हवाच. ‘डीन’ मुळात दहाजणांवरचा प्रमुख, हे खरं. पण मेडिकल कॉलेजच्या डीनचा हाच अर्थ पेपरात लिहिलात, तर मार्क गेले.