पंप ॲक्शन शॉटगन आणि रायफल: आठ महिने शेजारीशेजारी वापरल्यावर

तुलनेतल्या दोन बंदुका आधी सांगतो. पहिली बारा बोरची पंप ॲक्शन शॉटगन, म्हणजे पुढची मूठ हाताने मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची. नळी ४७ सेंमी, चोक सिलिंडर म्हणजे तोंड न आवळलेलं, मॅगझिनच्या नळीत चार काडतुसं आणि नेमासाठी फक्त पितळी माशी. दुसरी ५.५६ मिमीची सेमी-ऑटो रायफल. नळी ४० सेंमी, मॅगझिन ३० गोळ्यांचं, वर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी नेमाची भिंग. आठ महिन्यांत शॉटगनमधून हजाराच्या वर काडतुसं गेली. त्यावरून बनलेलं मत असं, की शॉटगनची सगळी ताकद तिच्या काडतुसात आहे आणि तिचा सगळ्यात मोठा दोष पंप ओढणाऱ्या हातात आहे. रायफलचं याच्या बरोबर उलट.

सुरुवात छऱ्यांच्या पसाऱ्यापासून, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. ‘शॉटगनला नेम धरावा लागत नाही, दिशा धरली की झालं’ हे ऐकून बंदूक घेणाऱ्याची पहिल्याच दिवशी निराशा होते. सिलिंडर चोकमधून सुटलेला डबल झिरो बकचा, म्हणजे मोठ्या जाड छऱ्यांच्या काडतुसाचा, झुपका साधारण दर मीटरला अडीच-तीन सेंमी पसरतो. तीन-चार मीटरवर कागदाला पडतं ते मुठीएवढं एकच भगदाड. एवढ्या जवळून नेम चार बोटं चुकला तर सगळे छर्रे चार बोटं चुकतात. दहा मीटरवर झुपका ताटलीएवढा होतो आणि पंचवीस मीटरवर नऊपैकी दोन-तीन छर्रे माणसाच्या आकाराच्या टार्गेटच्या बाहेर जायला लागतात. बाहेर गेलेला प्रत्येक छर्रा कुठे ना कुठे लागतोच.

म्हणून बंदूक घेतल्यावर पहिलं काम म्हणजे पॅटर्न पाहणं. एक मीटर बाय एक मीटरचा कागद, मधोमध ठळक ठिपका. ५, १०, १५, २० आणि २५ मीटरवरून प्रत्येकी तीन बार, दर बाराला नवा कागद. ज्या अंतरापर्यंत तिन्ही वेळा सगळे छर्रे २५ सेंमीच्या वर्तुळात राहतात, ते त्या काडतुसाचं आणि त्या नळीचं मिळून अंतर. काडतुसाची कंपनी बदलली की सगळं पुन्हा. हा कंटाळवाणा प्रकार टाळू नका. एकाच नळीतून साधं बक १५ मीटरवर विस्कटतं, तर छऱ्यांना उशिरापर्यंत धरून ठेवणाऱ्या कपाचं बक २० मीटरवरही हाताच्या पंजात बसतं.

आकडे पाहू. सत्तर मिमीच्या नेहमीच्या काडतुसात डबल झिरोचे नऊ छर्रे असतात, प्रत्येकी ८.४ मिमी व्यासाचे आणि साडेतीन ग्रॅम वजनाचे. वेग सुमारे ४०० मीटर प्रतिसेकंद. जुन्या ब्रिटिश मापात जवळपास हाच छर्रा एस. जी. नावाने येतो. स्लग घातला तर २८ ग्रॅमचा एकच शिशाचा गोळा सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास सुटतो आणि तोंडाशी ऊर्जा ३२०० ज्यूलच्या वर भरते. रायफलची साडेतीन ग्रॅमची गोळी ९५० मीटरच्या वेगाने निघते, ऊर्जा १६०० ज्यूलच्या आसपास. म्हणजे जवळून स्लग दुप्पट भारी. पण तो बोथट आणि जाड असल्यामुळे हवेत वेग झपाट्याने गमावतो. ५० मीटरवर नेम बांधला तर १०० मीटरवर स्लग वीतभर खाली लागतो. रायफल ५० मीटरवर बांधली की २०० मीटरपर्यंत गोळी नेमाच्या रेषेपासून पाच-सहा सेंमीपेक्षा फारशी हलत नाही. साध्या माशीवर स्लगचा गट ५० मीटरला दहा-पंधरा सेंमीत आला तर समाधान मानावं. रायफल तेवढ्या गटात १०० मीटरवर आरामात बसते. तीस मीटरच्या पुढे एका ठिकाणी अचूक लागायला हवं असेल तर शॉटगनचा विचार सोडा.

मग शॉटगन घ्यायची कशाला? काडतुसांसाठी. सकाळी २.४ मिमीच्या साडेसात नंबरच्या छऱ्याने उडत्या मातीच्या तबकड्या, दुपारी बक, संध्याकाळी स्लग, आणि बंदुकीत एकही स्क्रू फिरवायचा नाही. सेमी-ऑटो रायफल गोळीच्या वायूवर चालते. दारू कमी पडली, वायूची वाट कोंदली किंवा बफरची (मागचा धक्का झेलणारी) स्प्रिंग जुळली नाही की रिकामी पुंगळी अडकते. पंपाला बारातल्या दाबाची गरजच नसते. कमी धक्क्याचं सरावाचं काडतूस असो की तिखट ७६ मिमीचं, तो हाताने चालतो. विंचेस्टर १८९७ ही ब्राउनिंगने आखलेली पंप बंदूक सव्वाशे वर्षांपूर्वीची. रेमिंग्टन ८७० आली १९५० मध्ये, मॉसबर्ग ५०० त्यानंतर दहाएक वर्षांनी. आतली मांडणी आजही ओळखीची वाटते ती यामुळेच.

काडतूस निवडताना दोन पथ्यं मात्र पाळावीच लागतात. नळीवर ७० मिमी कोरलेलं असेल तर ७६ चं काडतूस आत बसतं म्हणून घालू नका. काडतुसाची लांबी उघडलेल्या तोंडासकट मोजतात. तोंड उघडायला जागा मिळाली नाही की दाब धोक्याच्या पातळीला जातो. आणि सॅबो स्लग, म्हणजे प्लॅस्टिकच्या वेष्टणातला बारीक स्लग, आतून आटे पाडलेल्या नळीसाठी असतो. गुळगुळीत नळीतून तो भरकटतो. गुळगुळीत नळीला फॉस्टर किंवा ब्रेनेके पद्धतीचा स्लग, तोही मोकळ्या चोकमधून.

आता दोष. पंप अडकतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं: हात पूर्ण मागे गेला नाही. पुढची मूठ साधारण दहा सेंटीमीटर सरकते. मागे येताना बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा) सुटतो, पुंगळी ओढली जाते, बाहेर फेकली जाते, हॅमर चढतो आणि अगदी शेवटच्या टप्प्यात मॅगझिनमधलं पुढचं काडतूस सुटून पाळण्यावर, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर, येतं. हा शेवटचा टप्पा चुकला की पुढे ढकलल्यावर बोल्ट रिकाम्या चेंबरवर (नळीत काडतूस बसतं त्या जागेवर) बंद होतो. चाप ओढा, फक्त ‘टक्’. त्याहून आधीच हात परतला तर जुनी पुंगळीच पुन्हा आत जाते. धक्का अंगावर आल्यावर मूठ हळू आणि नाजूकपणे ओढायची सवय याला कारणीभूत आहे. उपाय एवढाच, की पंप रागाने ओढायचा, मागच्या भिंतीवर आपटेपर्यंत, आणि त्याच झोकात पुढे. डमी काडतुसांवर रोज वीस-तीस वेळा केलं तर दोनेक आठवड्यांत हाताला कळतं.

दुसरा अडथळा जास्त त्रासदायक. काडतूस अडवणारी पट्टी झिजली किंवा भरताना काडतूस ‘टच्’ आवाज येईपर्यंत आत ढकललं नाही, तर ते निसटून पाळणा आणि बोल्टच्या मध्ये येतं. मग मूठ मागेही येत नाही, पुढेही जात नाही. अशा वेळी जोर लावू नका. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, बोट चापाच्या बाहेर. खालून बोटाने काडतूस पुन्हा मॅगझिनच्या नळीत रेटा आणि मूठ हलवा. काही बनावटींच्या पाळण्यात यासाठी मुद्दाम खाच असते. खरेदी करताना खालून डोकावून ती पाहून घ्या.

तिसरा प्रकार चेंबरमध्ये चिकटलेल्या पुंगळीचा. स्वस्त काडतुसांचं बूड पितळेऐवजी पातळ स्टीलचं असतं. बारानंतर ते फुगतं, पण पितळेसारखं परत आकसत नाही. त्यात चेंबर खरखरीत असेल तर पुंगळी रुतून बसते. मऊ पितळी ब्रशला तेल लावून चेंबर तेवढंच घासलं की बराच फरक पडतो. तरी आधी काडतूस बदला.

धक्क्याबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. सव्वातीन किलोच्या बंदुकीतून स्लग सोडला की खांद्यावर येणारी ऊर्जा रायफलच्या कितीतरी पट असते. पंचवीस स्लगनंतर चांगल्या नेमबाजाचाही डोळा बाराआधीच मिटायला लागतो. इथे रबरी पॅडपेक्षा दस्त्याची लांबी महत्त्वाची. कारखान्यातून येणारा साडेपस्तीस सेंमीचा दस्ता बऱ्याच जणांना लांब पडतो. हात ताणला जातो, पंप अर्धवट ओढला जातो आणि वरचा पहिला दोष तिथून सुरू होतो. ३३ सेंमीचा दस्ता लावल्यावर अडकण्याचं प्रमाण डोळ्यांनी दिसण्याइतकं घटलं.

भरण्यात रायफल सरळ पुढे. मॅगझिन बदललं की तीस गोळ्या. शॉटगनला एकेक काडतूस अंगठ्याने आत ढकलावं लागतं. पालथं झोपून किंवा एका हाताने पंप चालवणं तर फारच अवघड. सेफ्टीची जागाही पाहा. रेमिंग्टनला ती चापामागे आडव्या बटणाची, मॉसबर्गला रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या धातूच्या पेटीच्या) पाठीवर अंगठ्याखाली. डावखुऱ्यांना दुसरी सोयीची.

टार्गेटच्या मागच्या सुरक्षेचा हिशोब दोन्हींना वेगळा. शिशाच्या छऱ्याचा ठोकताळा सोपा आहे: व्यासाच्या मिलिमीटरला ८० ने गुणलं की तो जास्तीत जास्त किती मीटर जाईल ते कळतं. साडेसात नंबर १९० मीटरवर संपतो, डबल झिरो ६७० पर्यंत पोचतो. रायफलची गोळी तीन किलोमीटरच्या आसपास जाते. पण म्हणून घरात शॉटगन निर्धोक, असं समजू नका. जिप्सम बोर्डाच्या साध्या भिंती बकचा छर्राही पार करतो. कानांसाठी दोन्ही सारख्याच घातक. बार १४० डेसिबलच्या वर असतो, इअरमफशिवाय एकही नको.

सफाई हा शॉटगनचा सुखाचा भाग. मॅगझिनची टोपी काढली की नळी हातात येते. आत मळ दोन प्रकारचा: दारूची काजळी आणि प्लॅस्टिकच्या कपाचे नळीला चिकटलेले पापुद्रे. पापुद्रे साध्या चिंधीने निघत नाहीत, द्रावण लावून दहा मिनिटं थांबा आणि मग ब्रश फिरवा. मॅगझिनच्या नळीचा आतला भाग बहुतेक जण विसरतात. तिथे तेल अजिबात नको, कोरडी चिंधी पुरे. तेलावर धूळ बसली की स्प्रिंग काडतूस नीट ढकलत नाही. पुढची मूठ थोडी खुळखुळते, तो दोष नव्हे.

एकच बंदूक ठेवायची आणि तिच्याकडून पाखरांपासून मोठ्या सावजापर्यंत सगळी कामं तीस मीटरच्या आत हवीत, तर पंप घ्या आणि दस्त्यासाठी व सरावाच्या काडतुसांसाठी पैसे राखून ठेवा. नवशिका असेल, खांदा नाजूक असेल किंवा लांबचा नेम हवा असेल तर रायफल. ती कमी वेळात शिकवता येते.

ठेवताना शॉटगन पूर्ण रिकामी, कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी. स्प्रिंगच्या दाबाखाली महिनोन्महिने राहिलेल्या प्लॅस्टिकच्या काडतुसांचं अंग दबून फुगतं आणि नेमकी तीच चेंबरच्या तोंडाशी अडतात. रिकामी करताना सगळी काडतुसं चेंबरमधून पंप करून काढायची गरज नाही. बहुतेक मॉडेलांत खालून अडवणारी पट्टी दाबली की मॅगझिनमधली एकेक करून हातात येतात. मग मूठ मागे घेऊन करंगळी आधी चेंबरमध्ये, नंतर मॅगझिनच्या तोंडात घाला. अंधारातही चुकत नाही.