विजेत्याचा ड्रायव्हर आणि माझा स्विंग: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला घेतलेल्या या गोल्फ ड्रायव्हरबद्दल, म्हणजे लांब पल्ल्याच्या पहिल्या फटक्यासाठीच्या क्लबबद्दल (गोल्फच्या काठीबद्दल), लिहायचे मी यापूर्वी दोनदा ठरवले होते. डिसेंबरात लिहिले असते तर भरभरून कौतुक केले असते आणि मे महिन्यात लिहिले असते तर कोणीही तो घेऊ नये असे बजावले असते. आता हिवाळा, उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा त्याने पाहिला आहे, त्यामुळे दोन्ही मते बाजूला ठेवून लिहिता येईल असे वाटते. ब्रँडचे आणि त्याची जाहिरात करणाऱ्या खेळाडूचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार एका हेडपुरती (चेंडूवर आदळणाऱ्या टोकापुरती) आणि एका दुकानापुरती आहे. जे खरोखर सांगायचे आहे ते कोणत्याही ब्रँडला लागू पडते.

खरेदीच्या दिवशी माझ्यासमोर दोन ड्रायव्हर होते. दोन्हींच्या हेडचे आकारमान ४६० सीसी, दोन्हींचे क्राउन (हेडचा वरचा भाग) कार्बनचे, किमतीत साधारण चार हजारांचा फरक. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दोन्हींनी वीस-वीस चेंडू मारले तेव्हा मला काहीही फरक जाणवला नाही. तरीही मी महाग असलेला घेतला, आणि त्याचे कारण एकच होते: काही महिन्यांपूर्वी रात्री जागून जी स्पर्धा पाहिली होती, तिच्या विजेत्याच्या हातात तो होता. एवढ्यावर मी थांबलो नाही. तो खेळाडू नऊ अंशांच्या लॉफ्टचे (चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या कलाचे) हेड वापरतो म्हणून मीही नऊ अंशांचे घेतले आणि तो कडक शाफ्ट (दांडा) वापरतो म्हणून ६५ ग्रॅमचा स्टिफ शाफ्ट घेतला. रेग्युलर, म्हणजे त्याहून लवचिक, शाफ्ट हवा असल्यास तीन आठवडे थांबावे लागेल, असे दुकानदाराने सांगितले होते. मी थांबलो नाही. माझा हँडिकॅप १८ आहे, म्हणजे मी मध्यम दर्जाचा हौशी खेळाडू आहे, वय ५४ आहे, आणि एरवी घरातला मिक्सर घेतानाही मी चार दुकाने फिरतो, म्हणून हे इतक्या तपशिलाने लिहीत आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ समाधानाचा गेला. पुण्यातील येरवड्याच्या मैदानावर चेंडू पूर्वीपेक्षा पुढे सापडू लागला आणि पैसे वसूल झाले अशी माझी खात्री पटली. मग मार्चमधील एका रविवारी पहिल्याच टीवर (सुरुवातीचा फटका मारण्याच्या जागी) ड्रायव्हर बॅगेतून काढताना हेडच्या आतून बारीक खडखड ऐकू आली. कानाशी धरून हलवले तर आत काहीतरी सुटे फिरत होते. चेंडूवर आघात होताना हा आवाज येत नसे; क्लब मागे नेताना, जेव्हा मन सर्वांत स्थिर असायला हवे, नेमका तेव्हा येई. माझा व्यवसाय कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतीव भागांच्या, तपासणीचा आहे. आमच्याकडे आतून आवाज येणारा भाग पेटीत भरलाच जात नाही, त्यामुळे त्या आवाजाकडे दुर्लक्ष करणे मला शक्य झाले नाही. पुढचे तीन रविवार मी चेंडूपेक्षा हेडकडेच अधिक लक्ष देऊन खेळलो.

ज्यांना याची कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. आजकालचे हेड पोकळ असते. जोडकामात वापरलेल्या गोंदाचा एखादा थेंब आत वाळतो आणि काही महिन्यांच्या आघातांनंतर तो सुटू शकतो. खेळावर त्याचा परिणाम होत नाही हे मान्य आहे, आणि दुरुस्तीही किरकोळ आहे. तरीही विक्रेत्याने हेड बाहेरगावच्या सेवा केंद्राकडे पाठवले, कुरिअरचे नऊशे रुपये माझ्याकडून घेतले, आणि ४३ दिवसांनी ते जसेच्या तसे परत आले. सोबतच्या कागदावर ‘आवाज सामान्य आहे, कामगिरीवर परिणाम नाही’ असा शेरा होता. मी काउंटरवर ते हेड हलवून दाखवले. तिथल्या मुलाने ते कानाशी धरले, आवाज येतो हे कबूल केले, आणि वॉरंटीत आवाज बसत नाही असे सांगितले. त्याच्या मागच्या भिंतीवर त्याच खेळाडूचे, त्याच ड्रायव्हरसह, पुरुषभर उंचीचे चित्र होते.

त्या चित्राकडे पाहताना मला पहिल्यांदा नीट उमगले की त्या खेळाडूच्या आणि माझ्या खरेदीत काय अंतर आहे. मोठ्या स्पर्धांच्या ठिकाणी कंपन्यांच्या दुरुस्तीच्या गाड्या उभ्या असतात. त्याच्या हेडमध्ये असा कण सुटला असता तर सराव संपण्याच्या आत त्याच्या हातात दुसरे हेड आले असते. मी जे नाव पाहून चार हजार जास्त दिले, त्या नावामागे ही सेवा उभी आहे आणि ती मला मिळणार नव्हती. अखेरीस कॅम्पातील एका कारागिराने तळाच्या वजनाचा स्क्रू काढला, हेड उलटे धरून हलक्या हाताने थोपटले आणि ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळट गोंदाचा कण माझ्या तळहातावर पाडला. दीडशे रुपये घेतले. तो कण मी काडेपेटीत ठेवला आहे आणि त्या शेऱ्याचा कागदही जपून ठेवला आहे.

खडखड गेली, आता सर्व ठीक होईल अशी माझी समजूत होती. पण जूनमध्ये पाऊस लागला आणि माझे मत पुन्हा बदलले. हिवाळ्यात जमीन टणक असते, चेंडू पडल्यावर बराच घरंगळतो. पावसाळ्यात तो पडतो तिथेच रुततो, त्यामुळे हवेत जितके अंतर कापले जाईल तेवढेच पदरात पडते. माझे चेंडू खाली आणि उजवीकडे जाऊ लागले. खरे तर ते आधीपासून तसेच जात होते; टणक जमिनीने ते झाकून ठेवले होते. गेली अनेक वर्षे माझ्यासोबत असणाऱ्या, माझी बॅग वाहणाऱ्या कॅडीने एका ओल्या सकाळी शांतपणे सांगितले, ‘साहेब, हेड चांगलं आहे, पण शाफ्ट तुमच्यासाठी कडक आहे. दिवाळीपासून बघतोय.’ दिवाळीपासून का सांगितले नाही असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘तुम्ही खूश होता.’

त्यानंतर मी लाँच मॉनिटर या फटका मोजणाऱ्या यंत्रावर रीतसर मोजणी करून घेतली. माझा स्विंग स्पीड, म्हणजे फटका मारताना हेडचा वेग, ताशी ९१ मैल निघाला. पुरुष व्यावसायिकांच्या पीजीए टूर या स्पर्धामालिकेत ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ११३ मैलांच्या पुढे असतो आणि महिलांच्या एलपीजीए टूरमध्ये तो सुमारे ९४ मैल असतो. हे आकडे शेजारी ठेवून पाहिल्यावर आपण कोणाकडे पाहून खरेदी करतो आणि कोणाकडे पाहून करायला हवी, हा प्रश्न मला फार गंभीर वाटू लागला. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली भारतीय गोल्फपटू अदिती अशोक ही लांब मारणाऱ्यांत गणली जात नाही. अचूक फटके आणि पटिंग (चेंडू हलकेच ढकलून छिद्रात घालणे) यांच्या जोरावर ती तिथवर पोहोचली. माझ्यासारख्याने तिच्या बॅगेत काय आहे हे आधी पाहायला हवे होते. तसे मला किंवा माझ्या चौकडीतील कोणालाही कधी सुचले नाही.

आपल्यावर व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीचा परिणाम होत नाही, असे क्लबात बहुतेक जण ठामपणे सांगतात. मी ते मान्य करत नाही. १९८६ मध्ये अमेरिकी गोल्फपटू जॅक निक्लॉस यांनी वयाच्या ४६व्या वर्षी मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकली तेव्हा त्यांच्या हातात मॅग्रेगर कंपनीचा मोठ्या हेडचा, दिसायला बेढब पटर (पटिंगचा क्लब) होता, आणि त्या विजयानंतर त्या पटरला एकाएकी प्रचंड मागणी आली. मात्र केवळ नाव पुरेसे असते असेही नाही, कारण टायगर वुड्स आणि रोरी मॅकिलरॉय हे दोघे अव्वल गोल्फपटू नायकीचे क्लब वापरत असतानाच ऑगस्ट २०१६ मध्ये त्या कंपनीने क्लब बनवणे थांबवले. त्यामुळे नायकीच्याच करारातून मोकळा झालेला गोल्फपटू ब्रूक्स केप्का क्लबचा कोणताही करार नसताना चार मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकला. ड्रायव्हर टेलरमेडचा, आयर्न (मधल्या पल्ल्याचे धातूचे क्लब) मिझुनोचे, आणि तीन नंबरची आयर्न मात्र नायकीचीच, अशी त्याची बॅग होती. पैसे घेऊन केलेल्या शिफारशीपेक्षा अशा बॅगेकडून मला अधिक शिकायला मिळते, कारण तिच्यातील प्रत्येक वस्तू त्याला स्वतःला जमली म्हणून तिथे होती.

निक्लॉस यांचा पटर घेणाऱ्यांचे फारसे नुकसान झाले नसावे, असेही मला वाटते. पटरला स्विंगचा वेग लागत नाही. चार फुटांवरून चेंडू ढकलताना विजेता आणि मी यांच्यात बळाचा फरक उरत नाही. ड्रायव्हरचे तसे नाही. तिथे शाफ्ट किती वाकतो आणि हेड चेंडूपाशी वेळेवर सरळ होते की नाही, हे मारणाऱ्याच्या वेगावर अवलंबून असते. माझ्या ड्रायव्हरच्या जाहिरातीत एकही वाक्य खोटे नव्हते. हेड उत्तम आहे असे तिने सांगितले आणि ते उत्तमच आहे. शाफ्टबद्दल ती काही बोलली नाही, आणि तो भाग मी माझ्या मनाने त्या खेळाडूकडून उचलला.

जूनच्या अखेरीस ५० ग्रॅमचा रेग्युलर शाफ्ट बसवून घेतला आणि शाफ्ट हेडला जोडणारी स्लीव्ह फिरवून लॉफ्ट दीड अंशाने वाढवला. त्याच यंत्रावर माझा कॅरी (चेंडूने हवेत कापलेले अंतर) १८४ यार्डांवरून १९८ यार्डांवर गेला. चेंडू अजूनही कधीकधी उजवीकडे वळतो, पण आता तो झाडांत न जाता रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) राहतो, आणि ओल्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) दुसरा फटका लांब पल्ल्याच्या हायब्रिडऐवजी कमी पल्ल्याच्या सात नंबरच्या आयर्नने मारण्याचा आनंद मला या ऑगस्टमध्ये दोनदा मिळाला. शाफ्ट आणि जोडणीचे मिळून अकरा हजार रुपये गेले. दसऱ्याला तीन आठवडे थांबलो असतो तर हे अकरा हजार वाचले असते, आणि दुसरा ड्रायव्हर घेतला असता तर आणखी चार हजार.

तरीही हा ड्रायव्हर मी विकणार नाही. हेडच्या मध्यापासून थोडा बाजूला लागलेला फटकाही तो सांभाळून घेतो, आघाताचा आवाज घट्ट आणि मोकळा आहे, आणि गोंदाचा कण निघाल्यापासून आत पूर्ण शांतता आहे; प्रत्येक रविवारी पहिल्या टीवर मी ते कानाशी धरून तपासतो. वॉरंटीचा महिना शिल्लक आहे, तोवर कुरिअरच्या नऊशे रुपयांसाठी माझा पत्रव्यवहार चालू राहील. काढलेला ६५ ग्रॅमचा स्टिफ शाफ्ट घरी नीट गुंडाळून ठेवला आहे. पुण्यात कोणाचा वेग ताशी १०५ मैलांच्या पुढे असेल आणि तो त्याने यंत्रावर मोजून घेतला असेल, तर निम्म्या किमतीत द्यायला मी तयार आहे.