ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, मग आता युरोप, एनबीएच्या खालची जी लीग की सरळ नोकरी?

जूनमध्ये एनबीए ड्राफ्ट होतो, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात. त्याच्या दोन राउंडमध्ये मिळून ६० च्या आसपास नावं पुकारतात, आणि त्यातली बरीचशी एखाद-दोन वर्षं कॉलेज खेळलेल्या नाहीतर परदेशातून थेट आलेल्या पोरांची असतात. इकडे अमेरिकेत कॉलेज खेळातल्या नुसत्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत आणि प्रत्येक टीममध्ये तेरा-पंधरा जण. म्हणजे चार वर्षं पहाटेची जिम, रात्रीचे प्रवास, गुडघ्यावर बर्फाच्या पिशव्या, हे सगळं करून २२ व्या वर्षी बहुतेकांचं नाव येतच नाही. तिथून पुढे काय, हाच खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर घाईत दिलं जातं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घरात असं चौथ्या वर्षाला असलेलं पोरगं असेल तर आधी दोन माणसांची करिअर शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघंही कॉलेज बास्केटबॉल खेळले, दोघांनाही एनबीएने खेळाडू म्हणून कधी घेतलं नाही, आणि दोघंही बास्केटबॉलमध्येच खूप वर गेले, पण अगदी वेगवेगळ्या दारांनी.

पहिला काइल हाइन्स. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या ग्रीन्सबरो कॅम्पसला चार वर्षं खेळला, २,००० हून जास्त पॉइंट्स आणि १,००० हून जास्त रिबाउंड, तरी २००८ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, कारण उंची साडेसहा फूट आणि खेळायचा सेंटरला, जिथे एनबीएत सात फुटी माणसं उभी असतात. तो काय करतो, तर इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये व्हेरोली नावाच्या छोट्या गावाच्या टीमकडून दोन वर्षं खेळतो. दुसरी डिव्हिजन, लक्षात घ्या. मग जर्मनीत बामबर्ग, तिथे लीग जिंकली, मग ग्रीसचा ऑलिम्पियाकोस, आणि २०१२ आणि २०१३ लागोपाठ युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात वरची स्पर्धा, जिंकली. मग मॉस्कोच्या सीएसकेएबरोबर २०१६ आणि २०१९ ला आणखी दोन. शेवटची चार वर्षं मिलानमध्ये आणि २०२४ ला निवृत्ती. सोळा सीझन, चार युरोलीग, आणि एनबीएचा एकही सामना नाही. उंची कमी म्हणून नाकारलेल्या या माणसाला युरोलीगने तीनदा सर्वोत्तम डिफेंडर ठरवलं, आणि मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो व्हेरोलीच्या त्या दोन वर्षांसाठी, कारण तिथे कुणीच बघत नव्हतं.

दुसरा ब्रॅड स्टीव्हन्स. इंडियानातल्या डीपॉ कॉलेजला खेळला, ते डिव्हिजन थ्री, म्हणजे तिथे खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा नसते. इकॉनॉमिक्सची डिग्री घेतली आणि इंडियानापोलिसमध्ये एलाय लिली या औषध कंपनीत चांगल्या नोकरीला लागला, आपल्याकडे म्हणतात तसं पोरगं मार्गी लागलं. २००० साली ती नोकरी सोडली आणि बटलर युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल ऑफिसमध्ये बिनपगारी काम करायची तयारी दाखवली. २००७ ला, वयाच्या तिशीत, तिथलाच हेड कोच झाला. २०१० आणि २०११ असा लागोपाठ दोनदा कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला पोचला, पहिली तर ड्यूक युनिव्हर्सिटीकडून ६१-५९ अशी दोनच पॉइंट्सनी हरला, शेवटच्या क्षणी अर्ध्या कोर्टवरून मारलेला बटलरच्या गॉर्डन हेवर्डचा बॉल रिंगला लागून बाहेर आला नसता तर इतिहास वेगळा असता. २०१३ ला बॉस्टन सेल्टिक्सचा कोच, २०२१ पासून तिथेच टीम बांधायची सगळी जबाबदारी, आणि २०२४ ला त्याने बांधलेली टीम एनबीए चॅम्पियन.

आता यातून निवडायचं कसं. बघा, खेळायला घड्याळ आहे आणि कोचिंगला किंवा नोकरीला तसं घड्याळ नाही. हाइन्सने दोन वर्षं नोकरी केली असती तर व्हेरोलीने त्याला बोलावलं नसतं, कारण दोन वर्षं मॅच न खेळलेल्याचं फिल्म, म्हणजे मॅचचे व्हिडिओ, जुनं होतं आणि एजंट फोन उचलत नाहीत. पण समजा स्टीव्हन्स दोन वर्षं युरोपात खेळून आला असता तरी बटलरचं दार काही कायमचं बंद झालं नसतं. म्हणून शरीर ठणठणीत असेल आणि कुठल्यातरी लीगची खरी, लेखी ऑफर हातात असेल, तर माझं मत आधी खेळा. दोन सीझन ठरवून द्या स्वतःला. दोन सीझननंतर वरच्या टीमची ऑफर आली नाही तर परत या. ते "अजून एक वर्ष बघू" करत तिशी गाठायची, यात खूप चांगली पोरं अडकतात आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मात्र डिग्री पूर्ण करून. याबाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही. टिम डंकन चार वर्षं वेक फॉरेस्टला राहिला, सायकॉलॉजीची डिग्री घेतली आणि १९९७ ला पहिल्या नंबरवर गेला. शकील ओनील १९९२ ला लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी अर्धवट सोडून गेला पण २००० साली, एनबीए चॅम्पियन झाल्यावर, डिग्री पूर्ण केली. ज्यांना कधीच गरज पडणार नव्हती त्यांनी केली, मग आपण का सोडायची.

जी लीगबद्दल लोक विचारतात. तिथला साधा पगार सीझनला ४०,००० डॉलरच्या थोडा वर, राहायची सोय टीमची, आणि एनबीए टीमची माणसं रोज बघत असतात. टू-वे काँट्रॅक्ट, म्हणजे एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळायचं, मिळालं तर पैसे कितीतरी पट, पण प्रत्येक एनबीए टीमकडे अशा तीनच जागा. फ्रेड व्हॅनव्लीट २०१६ ला ड्राफ्टमध्ये नव्हता, टोरांटोच्या त्या खालच्या टीममध्येही खेळला, आणि २०१९ च्या फायनलच्या सहाव्या मॅचला २२ पॉइंट्स मारून चॅम्पियन झाला. हे खरंय. पण व्हॅनव्लीटचं नाव सगळ्यांना पाठ आहे कारण तसे फार थोडे आहेत. सिम भुल्लर आठवतो का, पंजाबी आईवडलांचा साडेसात फुटी कॅनडाचा पोरगा, न्यू मेक्सिको स्टेटला दोन वर्षं खेळून बाहेर पडला, २०१४ ला ड्राफ्ट झाला नाही, जी लीगमधून २०१५ च्या एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोने बोलावलं, भारतीय वंशाचा एनबीएतला पहिला खेळाडू, मला त्या दिवशी प्रचंड आनंद झाला होता, आणि एकूण मॅच किती खेळला तर तीन. पुढे तैवानमध्ये त्याला नियमित खेळायला मिळालं. तर जी लीग तेव्हाच निवडा जेव्हा एखाद्या एनबीए टीमने स्वतःहून जुलैच्या समर लीगला बोलावलंय. नुसत्या आशेवर नको, त्यापेक्षा परदेशी लीगमध्ये मिनिटं जास्त मिळतात. मुलींच्या बाबतीत तर परदेशी लीग आणखी महत्त्वाची, कारण एनबीएचे ३० संघ तर डब्ल्यूएनबीएचे साधारण निम्मेच, आणि रोस्टरही छोटे.

एक वेगळाच रस्ता अँटोनियो गेट्सचा. केंट स्टेटला बास्केटबॉल खेळला, २००२ ला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत टीमला शेवटच्या आठात नेलं, पण सहा फूट चार इंचात एनबीएत त्याच्या जागेला कुणी घेणार नव्हतं, म्हणून कॉलेजात एकही मॅच न खेळलेल्या अमेरिकन फुटबॉलकडे वळला, आणि टाइट एंडच्या जागेवर ११६ टचडाउनचा विक्रम करून २०२५ ला हॉल ऑफ फेममध्ये. वाचायला सुंदर आहे. पण त्याने शाळेत फुटबॉल खेळलेलं होतं, आपल्या पोरांनी तो हिशोब धरू नये.

आता ज्यांची मुलं भारतातून एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाऊन खेळतायत त्यांच्यासाठी, कारण इथे सगळं गणित बदलतं. डिग्रीनंतर एक वर्ष काम करायची जी परवानगी, ओपीटी, मिळते तिचा अर्ज कोर्स संपल्यावर ६० दिवसांच्या आत जावा लागतो, आणि ती सुरू झाल्यावर ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. युरोपातल्या टीम ऑगस्टमध्ये जमतात. म्हणजे मे मध्ये पास झालात आणि एजंट म्हणतोय थांब थांब, तर तुमची अमेरिकेतली खिडकी तिकडे बंद होत असते. शिवाय युरोपात परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या आणि त्याच जागांसाठी हजारो अमेरिकन पोरं रांगेत. अशा मुलांना मी स्टीव्हन्सच्या दाराकडे आधी बघायला सांगेन, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून एखाद्या कॉलेजच्या टीमबरोबर राहून मास्टर्स करायचं, व्हिसा टिकतो, बऱ्याच ठिकाणी फीचा भार हलका होतो, आणि वरची डिग्री झाली की ओपीटी नव्याने मिळते. नक्की नियम मात्र कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमधूनच घ्या. आणि भारतात परत यायचं असेल तर रेल्वे, ओएनजीसी यांच्या टीम आहेतच, खेळाच्या कोट्यातून पक्की नोकरी, खेळून झाल्यावरही टेबल राहतं, ही सोय अमेरिकेतल्या कुठल्याच पोराला नाही हे विसरू नका.

युरोपचं ठरलंच तर पगाराचा आकडा बघायच्या आधी काँट्रॅक्टमध्ये वाद झाला तर कुठे जायचं ते कलम शोधा. छोट्या क्लबमध्ये पगार दोन-दोन महिने रखडतो ही तिथली जुनी रड आहे, फ्लॅट आणि गाडी मिळते पण खात्यात पैसे येत नाहीत. त्यासाठीच फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, २००७ मध्ये बास्केटबॉलचा स्वतंत्र लवाद काढला, पण काँट्रॅक्टमध्ये त्या लवादाचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तिथे दाद मागता येते. नसेल तर सही करायच्या आधी एजंटला ते घालायला लावा. तो म्हणाला की क्लब तयार नाही, तर दुसरा क्लब बघा.