मावसबहिणीचा कॅट: गणपती ते शिमगा खेळून झाल्यावर

गणपतीत हा पत्त्यांचा कॅट पहिल्यांदा पिसला, आता शिमगा उरकला. मधल्या काळात त्यावर मेंढीकोट झाला, रमी झाली, जजमेंट झालं, पोरांनी झब्बू खेळताना पत्ते दणादण आपटले. कोऱ्या कॅटचं कौतुक सगळेच करतात. हे वापरून मळलेल्या कॅटबद्दल आहे.

डिझाइन माझ्या मावसबहिणीचं. आमचं आजोळ सावंतवाडीकडचं, त्यामुळे तिला दशावतारी गंजिफेवरून सुचलं यात नवल नाही. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी: पत्ते गोल, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे सगळे मिळून १२०. तिघांत वाटली की हातात चाळीस-चाळीस. वर गंमत अशी की निम्म्या रंगांत दश्शी वरचढ असते आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का. हा उलटा क्रमसुद्धा बहिणीला आपल्या कॅटमध्ये आणायचा होता. मामाने ऐकल्या ऐकल्या उडवून लावलं, आणि बरं झालं. बावन्न पत्त्यांत कोण कुणाला मारतो यावर आमच्याकडे तसंही पुरेसं भांडण होतं.

शेवटी तिने गंजिफेतल्या चार खुणा घेतल्या. इस्पिकच्या जागी परशुरामाचा परशू, बदामाच्या जागी कूर्माचं कासव, किल्वरच्या जागी मत्स्याचा मासा आणि चौकटच्या जागी नरसिंहाचं चक्र. पत्ता पूर्ण दिसतो तेव्हा कासव देखणं आहे, पाठीवरची नक्षीसुद्धा नीट उमटली आहे. पण कोपऱ्यात तेच कासव तुरीच्या दाण्याएवढं होतं, आणि तेवढ्या आकारात कासव काय नि चक्र काय, दोन्ही नुसती गोल. इथे कॅट आपटला असता. तो तरला पार्श्वभूमीच्या रंगामुळे, आणि हीसुद्धा गंजिफेचीच शिकवण: तिथे प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगात रंगवतात. आमच्या कॅटमध्ये परशूची जमीन काळपट निळी, कासवाची लाल, माशाची हिरवी, चक्राची पिवळी. पहिल्या रात्री 'हे किल्वर ना गं?' असं दर डावाला चाललं होतं. दिवाळीपर्यंत मावशी 'हिरवा उतर, हिरवा' म्हणायला लागली.

कॅटचं खरं डिझाइन कोपऱ्यात असतं, हे माझं मत आता पक्कं झालंय. जुन्या पत्त्यांना कोपऱ्यात खूण नसायचीच. अमेरिकेत १८७० च्या दशकात तसे पत्ते रुळायला लागले, कारण एका हातात पंखा धरून नुसत्या कडा बघत खेळता येऊ लागलं. तिकडे किंगचा के आणि नेव्हचा केएन यांची गल्लत व्हायची, म्हणून नेव्ह मागे पडून जॅक आला. आमच्यासमोर तीच अडचण देवनागरीत उभी राहिली: राजाही रा, राणीही रा. बहिणीने राणीच्या कोपऱ्यात 'णी' टाकलं. पहिल्यांदा बघून मी हसलो होतो. आज घरातली पोरं सर्रास 'माझ्याकडे दोन णी आहेत' म्हणतात, आणि राजा-राणीची गल्लत एकदाही झालेली नाही.

आकड्यांचं मात्र जमलं नाही. देवनागरी ३ आणि ६ म्हणजे एकमेकांची आरशातली रूपं. मिणमिणत्या उजेडात, तेरा पत्ते हातात दाटीने धरलेले असताना तिर्री समजून छक्की पडते, आणि पडलेलं पान उचलायचं नाही हा आमच्याकडचा कडक नियम. ६ च्या शेपटीला जरा जाडी द्यायला हवी. खुणा दोनच कोपऱ्यांत आहेत, तेही खटकतं. मामा डावखुरा, तो पंखा उलटा पसरतो, त्याला पानांचे कोरे कोपरे दिसतात. चारही कोपऱ्यांत खूण हवी.

दश्शीवर मात्र मी खूश आहे. मेंढीकोटात सगळी मारामारी चार दश्शांसाठीच, म्हणून तिने दश्शीच्या आकड्याभोवती मेंढीची वळलेली शिंगं काढली आहेत. पान अर्धं झाकलेलं असलं तरी शिंग डोकावतं. हातावर दश्शी येऊन पडली की समोरच्याला कळायच्या आत आपल्याला कळतं.

कागदाबद्दल. छपाई परदेशातल्या एका थोड्या संख्येत छापून देणाऱ्या छापखान्याकडून झाली. कागद काळ्या गाभ्याचा, त्यामुळे उजेडासमोर धरला तरी पलीकडचं दिसत नाही. पृष्ठभागावर कापडासारखी बारीक वीण उठवलेली आहे. त्या खळग्यांत हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून घसरतात. सुरुवातीचे दोन महिने पिसायला मजा आली. नंतर कोकणातल्या दमट हवेत कागदाचं व्हायचं ते झालं: पत्ते किंचित वाकले, वाटताना दोन-दोन चिकटून यायला लागले. संपूर्ण प्लास्टिकच्या पत्त्यांना हा त्रास नाही, पण हातात त्यांचा बुळबुळीतपणा मला नको वाटतो. जमीन कडेपर्यंत रंगवल्यामुळे कडा झिजल्या की पांढरट रेघ दिसते. चक्राच्या एक्क्याला अशी रेघ पडली आहे आणि भाचा तो एक्का पालथा असतानाही ओळखतो. पांढरी चौकट सोडली असती तर झीज लपली असती, पण कापणी तिरकी आली तर ती चौकटीतच आधी दिसते. दोन्हीकडून त्रास आहेच. सगळ्यांत मोठी चूक मात्र आकाराची: पोकर मापाचा, म्हणजे ६३ मिलिमीटर रुंद पत्ता. तेरा पानांच्या खेळाला ब्रिजचं ५७ मिलिमीटरचं माप हवं. आईच्या हातात पंखा मावत नाही.

संग्राहकांची मतं वेगळ्याच दिशेची. ओळखीतल्या दोघांना एकेक कॅट दिला होता. एकाने खोका उलटसुलट करून पाहिला, सोनेरी फॉइल नाही, क्रमांक घातलेलं सील नाही म्हणून नाक मुरडलं, आणि रंगीत जमीन बघून 'पत्त्याचा चेहरा पांढराच पाहिजे' असा निकाल दिला. दुसऱ्याला 'णी' इतकी आवडली की त्याने अजून एक मागून घेतला, न उघडता ठेवायला. या लोकांचं गणित मला पटत नसलं तरी कळतं. लास वेगासजवळच्या जेरीज नगेट कॅसिनोसाठी १९७० मध्ये छापलेले कॅट पुढे तिथल्याच दुकानात किरकोळ भावात विकले जात होते, आणि आज सीलबंद कॅटला शेकडो डॉलर मोजणारे आहेत. ते बघितल्यावर खोका फोडायला हात धजावणार नाहीच. फक्त त्या दोघांपैकी कुणीही ३ आणि ६ बद्दल बोललं नाही. खेळलेच नाहीत, तर बोलणार कुठून?

खर्चाचं सांगायचं तर थोडेच कॅट छापले की एकेक महाग पडतो, त्यावर कुरिअर आणि कस्टम्स. घरात रोज रमी चालत असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातला कॅट घ्या, वर्षाला दोन फाडा. बहीण आता पुढची छपाई ब्रिज मापात काढायच्या विचारात आहे, चारही कोपऱ्यांत खुणा आणि जाड शेपटीच्या ६ सह. खोका साधाच ठेव, असं मी तिला सांगितलंय. फॉइलचे पैसे कागदात घालता येतील.